विहिरीतला हिस्सा लिहून घेतला का? छोटं न्यूज पोर्टल मोठी कंपनी घेते तेव्हा

गेल्या महिन्यात उदगीरकडचा एक जुना मित्र लातूरला आला. तालुक्याच्या बातम्यांचं पोर्टल चालवतो, जोडीला यूट्यूब चॅनेल आणि गावोगावचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. एका मोठ्या माध्यम कंपनीनं त्याचं पोर्टल विकत घेण्याची तयारी दाखवली होती. ईमेलसोबत अकरा पानांचा इंग्रजी मसुदा. चहा यायच्या आधीच त्यानं विचारलं, "किती मागू?"

मी आडत्यांची आणि गुत्तेदारांची रिटर्नं भरणारा माणूस. कंपन्यांचे मोठाले सौदे माझ्या टेबलावर येत नाहीत. पण जमिनीची खरेदीखतं भरपूर पाहिली आहेत, आणि एक गोष्ट पक्की कळली आहे. सौदा झाल्यावर भावावरून वीस वर्षं भांडणारे लोक मी पाहिले नाहीत. भांडणं चालतात ती बांधावरून, वाटेवरून आणि विहिरीतल्या पाण्याच्या हिश्शावरून. कारण भाव ठरवायच्या घाईत ते लिहायचं राहून गेलेलं असतं. पोर्टलचंही तसंच आहे. म्हणून त्याला म्हटलं, किती मागायचे ते शेवटी बघू. आधी सांग, तुझ्याकडं विकायला आहे काय?

तो हसला. "म्हंजे? पोर्टल हाय की."

पोर्टल म्हणजे काय, इथूनच सुरुवात करू.

मोठी कंपनी छोटी संस्था दोन वाटांनी घेते. पहिली वाट शेअर विकत घेण्याची. संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मालक आपले शेअर देतो आणि कंपनी आहे तशी नव्या हातात जाते. तिचं बँक खातं, तिचे करार, तिची देणी, तिच्यावरचे खटले, सगळं तिच्यासोबतच राहतं. मालक तेवढा बदलतो. दुसरी वाट धंदा किंवा वस्तू विकत घेण्याची. डोमेन (म्हणजे वेबसाइटचा पत्ता), नाव, चॅनेल, जुन्या बातम्या, कॅमेरे यांची यादी करून ती घेतली जाते, आणि जुन्या भानगडी साधारणपणे विकणाऱ्याकडं राहतात. पहिल्या वाटेत वाडा आतल्या भाडेकरूंसकट घेतला जातो, दुसरीत वाड्याचे सागवानी खांब आणि दारं तेवढी उचलली जातात.

आपल्याकडच्या बहुतेक पोर्टलांना पहिली वाट बंदच असते, कारण ती कंपनीच नसतात. माझ्या मित्राचं पोर्टल त्याच्या स्वतःच्या पॅन कार्डावर चालतं. त्याला शेअर नाहीत, त्यामुळं विकायलाही नाहीत. म्हणजे सौदा होणार तो वस्तूंचा किंवा चालू धंद्याचा, आणि तिथं यादीला फार महत्त्व येतं. यादीत जे नाही ते विकलं गेलेलं नाही. आणि यादीत लिहिलेलं मुळात तुमच्या नावावर नसेल, तर तुम्ही दुसऱ्याचं शेत विकत आहात.

मग आम्ही यादी करायला बसलो. दुपार त्यातच गेली.

डोमेन कोणाच्या नावावर? पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं २०१७ साली स्वतःच्या जीमेलवरून घेतलेलं. पैसे मामानं दिले, पण नोंद भाच्याची. यूट्यूब चॅनेल? जुन्या कॅमेरामनच्या खात्यावर सुरू झालेलं. तो आता हैदराबादला लग्नाचे व्हिडिओ काढतो. यूट्यूबवर चॅनेलची मुख्य मालकी दुसऱ्याला द्यायची तर चॅनेल आधी ब्रँड अकाउंटवर, म्हणजे अनेकांना मिळून चालवता येणाऱ्या खात्यावर, असावं लागतं, आणि नव्या माणसाला मालक म्हणून जोडल्यावर किमान सात दिवस थांबावं लागतं. म्हणजे सहीच्या दिवशी सकाळी उठून करायचं हे काम नव्हे. जाहिरातीचे पैसे ज्यातून येतात ते अ‍ॅडसेन्स खातं तर दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही. चॅनेल घेणारा आपलं खातं जोडतो. जुन्या खात्यातली शिल्लक कोणाची, हे आधी लिहून ठेवावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं प्रकरण याहून नाजूक. एका ग्रुपमध्ये १०२४ लोक मावतात आणि मित्राकडं असे चाळीसेक ग्रुप. हीच त्याची खरी वितरण व्यवस्था. घरोघर पेपर टाकणारी पोरं म्हणा. पण ग्रुप चालतात त्याच्या खासगी सिमवर. त्याच नंबरावर त्याचे सोयरेधायरे, त्याच नंबरावर बँकेचे ओटीपी. तो नंबर कंपनीला देणार? नाही दिला तर कंपनीनं नेमकं घेतलं काय? शिवाय ते नंबर लोकांनी गावच्या बातम्या मिळाव्यात म्हणून दिलेले आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा असा की ज्या कामासाठी संमती दिली त्याच कामासाठी माहिती वापरायची. उद्या त्या नंबरांवर कर्जाच्या आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती पडायला लागल्या तर शिव्या कोणाला बसतील, ते सांगायला वकील लागत नाही.

आता ज्या गोष्टीकडं कोणाचंच लक्ष नसतं ती. बातम्या कोणाच्या?

पोर्टलवर नऊ-दहा वर्षांच्या बातम्या, फोटो, व्हिडिओ आहेत. त्यातलं निम्म्याहून अधिक गावोगावच्या वार्ताहरांनी पाठवलेलं. कोणी शिक्षक, कोणी मेडिकलवाला, कोणी सेतू केंद्र चालवणारा. पगार कोणालाच नाही. दिवाळीला काहीतरी, आणि ओळखपत्र. १९५७ चा कॉपीराइट कायदा काय म्हणतो? ज्यानं लिहिलं किंवा फोटो काढला तो पहिला मालक. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क बहुतेक वेळा मालकाकडं जातो, पण बाहेरून बातमी देणाऱ्याच्या कामाचा जात नाही. तो हक्क त्यानं सही करून, लेखी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

म्हणजे असं, की जळकोटच्या वार्ताहरानं काढलेला गारपिटीचा फोटो पोर्टलवर आहे म्हणून पोर्टलचा होत नाही. कंपनीचा वकील हे पहिल्याच बैठकीत विचारतो. मित्राला वाटलं होतं, आपला संग्रह म्हणजे सोन्याची खाण. वकिलाच्या दृष्टीनं तो सातबाऱ्यावर वीस जणांची नावं असलेला तुकडा आहे. आधी वीस सह्या आणा.

त्या सह्या आणायला हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या फुकट मागू नयेत. पोर्टल उभं राहिलं ते या माणसांच्या मोटारसायकलींच्या पेट्रोलवर. सौद्यातला काही भाग त्यांच्यासाठी बाजूला काढून, आकडा लिहून, मग सही मागावी. हा सल्ला कर सल्लागाराचा नाही, तेव्हा यावर दोघांत थोडी वादावादीही झाली. असो.

ज्यांचं पोर्टलच्या जोडीला छापील साप्ताहिक आहे, आणि सरकारी जाहिरातींसाठी व अधिस्वीकृतीसाठी (पत्रकार म्हणून सरकारी मान्यता) ते आपल्याकडं बरेच जण ठेवतात, त्यांना आणखी एक पायरी आहे. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला नियतकालिक नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. साप्ताहिकाचं शीर्षक दुसऱ्याला द्यायचं तर प्रेस रजिस्ट्रार जनरलकडं रीतसर जावं लागतं. डिजिटल पोर्टल त्या कायद्यात येत नाही. पोर्टलांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागतात. त्यात तक्रार अधिकारी नेमणं आणि पंधरा दिवसांत तक्रारीवर निर्णय देणं येतं. मालक बदलला की ते नाव आणि पत्ता बदलायचा, बस.

आता किमतीकडं येऊ, कारण मित्राचा जीव तिथंच अडकला होता.

तो म्हणाला, वर्षाला सहा लाख सुटतात, मग तीस लाख तरी यायला पाहिजेत. हिशेब ऐकायला बरा आहे. पण त्या सहा लाखांत त्याचा स्वतःचा पगार धरलेला नाही. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत तोच संपादक, तोच वसुलीवाला. उद्या कंपनीनं त्याच्या जागी दरमहा पस्तीस हजारांवर माणूस ठेवला तर वर्षाला चार लाख वीस हजार गेले. उरला खरा नफा एक लाख ऐंशी हजार. म्हणजे कंपनी जे विकत घेतेय त्यातला मोठा वाटा तो स्वतःच आहे. म्हणून मसुद्यात पान सातवर लिहिलं होतं की विक्रीनंतर तीन वर्षं त्यानं कंपनीतच काम करायचं. त्याला ते कलम सन्मानाचं वाटलं होतं.

दुसरी अडचण पुस्तकातल्या आणि पुस्तकाबाहेरच्या उत्पन्नाची. तालुक्याच्या पोर्टलचं पोट कशावर चालतं? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती, नव्या शोरूमचं उद्घाटन, निवडणुकीचा हंगाम. यातली बरीच रक्कम रोखीनं येते आणि वहीत कुठंच उमटत नाही. विकणारा तोंडानं म्हणतो, "खरं उत्पन्न दुप्पट आहे." घेणारा शांतपणे म्हणतो, "दाखवा." ऑनलाइन जाहिरातीवर अठरा टक्के जीएसटी आहे आणि सेवांसाठी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते. तेव्हा "दुप्पट आहे" हे वाक्य जितकं जोरात म्हणाल तितका समोरचा वकील न भरलेल्या कराची जास्त टिपणं काढतो. जे वहीत नाही ते विकता येत नाही, एवढं साधं आहे.

किंमत ठरली तरी सगळी हातात येत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे समजावणं सोपं. कारखाना पहिली उचल देतो आणि पुढचा हप्ता नंतर. माध्यमांच्या सौद्यात त्याला अर्नआउट म्हणतात. समजा, एकूण तीस लाख ठरले. बारा लाख सहीच्या दिवशी, अठरा लाख पुढच्या दोन वर्षांत, तेही महिन्याला अमुक इतके पेज व्ह्यू आले, म्हणजे पानं तितक्या वेळा उघडली गेली, तर. मित्र म्हणाला, आत्ता येतात तेवढेच मागताहेत, त्यात काय अवघड?

यात दोन खोड्या आहेत. पहिली अशी की मोजमाप घेणाऱ्याच्या हातात जातं. कंपनीनं सहा महिन्यांनी ठरवलं की छोटी डोमेनं बंद करून सगळ्या बातम्या मुख्य वेबसाइटच्या ‘मराठवाडा’ विभागात घ्यायच्या, तर जुन्या पत्त्यावरचे व्ह्यू शून्यावर येतात. वाचक तेच, बातम्या त्याच, पण काट्यावर वजन शून्य. काटा कोणाचा, मोजणार कोण, पोर्टल दुसऱ्यात मिसळलं किंवा बंद केलं तर उरलेले पैसे लगेच द्यायचे का, हे लिहिलेलं नसेल तर ते अठरा लाख कागदावरचेच.

दुसरी खोडी बातम्यांच्या पोटात शिरते. पंचायत समितीच्या सभेची बातमी चारशे लोक वाचतात. पण त्या चारशेंना ती दुसरीकडं कुठंच मिळत नाही. पोर्टलची पत तिच्यावर आहे. नटीच्या लग्नाची बातमी चाळीस हजार वाचतात आणि ती शंभर ठिकाणी असते. हप्ता व्ह्यूवर ठरला की संपादकाला कोणी हुकूम द्यायची गरज उरत नाही. तो स्वतःहून सभेला जायचं बंद करतो. टँकरच्या खेपा मोजायला कोण जाणार? मालकानं फोन करून बातमी थांबवली याच्या गोष्टी सगळे सांगतात. या हप्त्यानं किती बातम्या जन्मालाच आल्या नाहीत, याची नोंद कुठंच होत नाही.

कराचं थोडक्यात. चालू धंदा एकगठ्ठा विकला, ज्याला स्लंप सेल म्हणतात, आणि तो छत्तीस महिन्यांहून जास्त काळ चालवलेला असेल, तर नफा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा होतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के दर आहे. नफा म्हणजे मिळालेली रक्कम वजा धंद्याची निव्वळ मालमत्ता. त्याला सीएचा दाखला लागतो. पण त्याच पैशातला काही भाग "पुन्हा असा धंदा न करण्याबद्दल" म्हणून वेगळा दाखवला, तर तो धंद्याचं उत्पन्न म्हणून नेहमीच्या टप्प्यांनी कराला लागतो. घेणारा वाटणी त्याच्या सोयीनं करतो. चालू धंदा पूर्णपणे हस्तांतरित झाला तर जीएसटी लागत नाही. नुसते कॅमेरे आणि लॅपटॉप विकले तर लागतो. एवढ्यावर तुमच्या सीएला गाठा.

"पुन्हा असा धंदा न करणे" हे कलम मात्र सावकाश वाचायचं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कोणालाही धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल आहे. याच्या जोरावर बरेच जण म्हणतात, करू द्या सही, कोर्टात टिकणार नाही. नोकरी सोडून जाणाऱ्या वार्ताहराच्या बाबतीत ते बरंच खरं आहे. पण त्याच कलमात एक अपवाद आहे. धंद्याची पत, म्हणजे गुडविल, विकणाऱ्यानं ठरावीक हद्दीत तसाच धंदा करणार नाही असं लिहून दिलं आणि ती हद्द वाजवी असली, तर ते बंधन टिकतं. मित्राच्या मसुद्यात हद्द होती ‘महाराष्ट्र राज्य आणि मराठी भाषेतील कोणतेही डिजिटल माध्यम’, पाच वर्षं. म्हणजे उद्या कंपनीशी बिनसलं तर त्यानं मराठीत फेसबुकवर लाइव्हसुद्धा करायचं नाही. अशा वेळी भांडावं ते हद्दीसाठी. उदगीर, जळकोट, देवणी असे तीन तालुके आणि दोन वर्षं. वाटाघाटीत पैसा सोडावा पण ही हद्द कमी करून घ्यावी, असं माझं मत.

खरेदीखतात एक वाक्य ठरलेलं असतं: मिळकत निर्वेध व बोजारहित आहे. इथंही तसंच लिहून घेतात, दोन-तीन पानं. कोणतीही नोटीस नाही, खटला नाही, कॉपीराइटचा वाद नाही, आणि निघालाच तर भरपाई विकणारा देईल. मित्र म्हणाला, काहीच नाही. मग अर्ध्या तासानं आठवलं, दोन वर्षांपूर्वी एका पुढाऱ्यानं एक कोटीच्या अब्रुनुकसानीची नोटीस पाठवली होती. पुढं काही झालं नाही, म्हणून ती कपाटावर पडली आहे. ती कपाटावरून काढून सौद्याच्या फाइलीत लावायची. सांगितलेल्या बोजाबद्दल फार तर किंमत कमी होते. लपवलेल्या बोजाबद्दल मिळालेले पैसे परत द्यावे लागू शकतात.

मोठ्या सौद्यांकडं बघून काय शिकावं? एनडीटीव्हीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते घडलं कसं हे फार थोड्यांना. एनडीटीव्हीचे शेअर बाळगणाऱ्या, संस्थापकांच्या आरआरपीआर या कंपनीनं २००९-१० मध्ये एका कंपनीकडून ४०३ कोटी ८५ लाखांचं कर्ज घेतलं होतं. त्या कागदात अट होती की कर्ज देणाऱ्याला ते आरआरपीआरच्या जवळपास सगळ्या शेअरमध्ये बदलून घेता येईल. आपल्याकडची मुदतखरेदी याच जातीची: मुदतीत कर्ज फिटलं नाही तर शेत सावकाराचं. सावकाराकडं असं शेत लिहून दिलेल्या घरांत आजोबांच्या काळची रडगाणी अजून ऐकू येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहानं ती कर्ज देणारी कंपनीच विकत घेतली, आणि तिच्यामार्फत एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर त्यांच्याकडं आले. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यानं आणखी २६ टक्क्यांसाठी जाहीर प्रस्ताव द्यावा लागला. डिसेंबरअखेर संस्थापकांनीही आपला बहुतांश हिस्सा विकला आणि अदानींचा वाटा ६४ टक्क्यांच्या पुढं गेला. तालुक्याच्या पोर्टलला शेअर बाजाराचे नियम लागत नाहीत, म्हणजे त्यांचं संरक्षणही नाही. पण "आत्ता फक्त दहा लाख कर्ज देतो, पुढं बघू" असं कोणी म्हणालं, तर मागच्या पानावरचं बारीक अक्षर वाचावं.

दुसरं उदाहरण हफपोस्ट इंडियाचं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत बझफीड या माध्यम कंपनीनं हफपोस्ट ही बातम्यांची वेबसाइट विकत घेतली. भारतात डिजिटल बातम्यांमध्ये परदेशी गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा आहे, तीही सरकारी परवानगीनं. २०१९ मध्ये ती घातली गेली. त्यामुळं भारतीय आवृत्ती नव्या मालकाला आपल्याकडं घेता येईना आणि त्याच महिन्यात ती बंद पडली. हजारो मैलांवरच्या सौद्यात दिल्लीच्या पत्रकारांना कोणी काही विचारलं नव्हतं. परदेशी पैसा मागं असलेली कंपनी दारात आली तर हा प्रश्न तिला विचारायला लाजू नये.

आणि न्यू यॉर्कच्या गोथमिस्टचं. शहराच्या स्थानिक बातम्या देणारी ही वेबसाइट २०१७ च्या मार्चमध्ये एका श्रीमंत मालकानं घेतली, त्याच्या दुसऱ्या स्थानिक वेबसाइटला जोडली, आणि कर्मचाऱ्यांनी संघटनेत जायचं ठरवल्यावर आठवडाभरात, २ नोव्हेंबरला, दोन्ही बंद केल्या. त्या दिवशी कुठलीही जुनी बातमी उघडली की मालकाचं पत्र दिसायचं. वर्षानुवर्षांचं काम दिसेनासं झालं. जुन्या बातम्या पुढं परत दिसू लागल्या आणि २०१८ मध्ये एका सार्वजनिक रेडिओनं गोथमिस्ट घेऊन पुन्हा सुरू केली. पण मधल्या दिवसांत नोकरी शोधणाऱ्या पत्रकारांना दाखवायला स्वतःच्या बातम्याही नव्हत्या.

म्हणून मित्राला म्हटलं, एक कलम घाल: पोर्टल बंद केलं तरी जुन्या बातम्या किमान दहा वर्षं उघड्या ठेवायच्या, नाहीतर त्यांची प्रत तुला परत द्यायची. कंपनीला यात फार खर्च नाही. आणि तिसऱ्या वर्षी शेतकऱ्याला पीकविम्याच्या भांडणात गारपिटीची जुनी बातमी लागते, तेव्हा ती कुठं शोधायची?

फायदे नाहीत असं नाही, आणि ते मी त्याला पोटतिडकीनं सांगितले, कारण तो एकटा लढून थकलेला आहे. एक कोटीच्या नोटिशीला उत्तर द्यायला कंपनीचा वकील असतो. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सर्व्हर बसत नाही. पगार एक तारखेला होतो, पीएफ कापला जातो. वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी पुढाऱ्याच्या स्वीय सहायकापुढं ताटकळत बसावं लागत नाही. आमच्या भागात पत्रकारितेचं निम्मं आयुष्य त्या ताटकळण्यात जातं.

तोटे हळूहळू कळतात. बातमी पुण्या-मुंबईच्या डेस्कवर जाते. तिथला कोणीतरी ‘गुत्तेदार’ खोडून ‘कंत्राटदार’ करतो, आणि गावातला वाचक पहिल्या ओळीत ओळखतो की हे आता आपल्या माणसानं लिहिलेलं नाही. कुठल्या गावाच्या नावाला ‘बुद्रुक’ लावायचं आणि कुठल्या ‘खुर्द’, यात चूक होते आणि दोन गावं फोन करतात. आमच्या आधीच्या पिढीला दैनिक ‘मराठवाडा’ म्हटलं की अनंत भालेराव आठवतात. तो पेपर आता निघत नाही, नाव मात्र लोकांच्या तोंडी आहे. कंपन्यांच्या हिशेबात या गोष्टीला गुडविल म्हणतात आणि तिला एक आकडा देतात. तो आकडा माणूस निघून गेल्यावर किती टिकतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तर ती तीन वर्षांची अट.

‘संपादकीय स्वातंत्र्य अबाधित राहील’ असं एक वाक्य मसुद्यात होतं. चांगलं आहे, पण त्याच्या पुढं काहीच नव्हतं. ते मोडलं तर काय? विकणाऱ्याला धंदा न करण्याच्या अटीतून मोकळीक मिळेल, उरलेला हप्ता लगेच मिळेल, असं काही जोडलं तर त्या वाक्याला दात येतात.

शेवटी मी त्याला तिसरी एक वाट सुचवली. विहीर विकू नकोस, पाणी वीक. कंपनीला उदगीर-जळकोटच्या बातम्या हव्यात ना? महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन बातम्या आणि व्हिडिओ वापरायचा परवाना दे, वर्षभराचा. डोमेन तुझं, ग्रुप तुझे, वार्ताहर तुझे. पैसा कमी येईल, पण वर्षानं दोघांनाही एकमेकांची पारख होईल. कंपनी याला नाही म्हणाली, तर तिला बातम्या नको होत्या, दुसरं काही हवं होतं, एवढं तरी कळेल.

त्यानं सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, आणि उदगीरची साडेपाचची गाडी पकडली. परवा फोन आला. मी विचारलं, काय ठरलं?

"ठरायचंय अजून. त्यांना म्हणलं, पंधरा दिवस द्या." मागं कुठंतरी ट्रॅक्टरवर डीजे वाजत होता. "आधी भाच्याला बोलवून घेतलंय पुण्याहून. डोमेनचा पासवर्ड त्यो इसरलाय म्हणं."